मागच्या बोळातून

"शालनताई, चहा राहू दे. आधी ती तुमची वही काढा."

कालिंदीवहिनींनी चपला दारात कशाबशा काढल्या आणि थेट स्वयंपाकघरात आल्या. चेहरा असा फुललेला की मला वेगळं विचारायची गरजच नव्हती.

"हेमा?"

"पाचवा लागला! काल जावयांचा फोन आला. पहिलं बाळंतपण, म्हणजे आपल्याकडंच. आता मला मालिशवाली सांगा. अशीतशी नको हं, तुमच्या वहीतली पाहिजे."

त्या वहीचा मला केवढा तोरा होता, काय सांगू! कराडला आमची बारा घरांची कॉलनी. सहा घरं एका ओळीत, सहा त्यांच्या पाठीला पाठ लावून, आणि मधे एक अरुंद बोळ. बोळाकडं सगळ्यांची मागची दारं आणि न्हाणीघरांच्या खिडक्या. कालिंदीवहिनींचं घर रस्त्याच्या बाजूचं, त्यांच्या शेजारी आमचं. नळ गळला, मिक्सर जळला, गाद्या पिंजून घ्यायच्या झाल्या, की अख्खी कॉलनी माझ्या दारात यायची. फोनशेजारच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेली माझी शंभर पानी वही. कोणता सुतार सांगितल्या दिवशी येतो आणि कोणता गवंडी निम्मं काम टाकून गावच्या जत्रेला पळतो, सगळं मला पाठ. नुसतं नाव देऊन मी थांबायची नाही. "माझं नाव सांगा, म्हणजे नीट करेल," असं वर बजावायची. माझ्या शब्दावर कुणी दुसऱ्यांदा विचारायचं नाही. आमचे हे चिडवायचे, "तुझ्यापुढं एक घंटा बांधू या आता, देवळात असते तशी." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

"हौसामावशी," मी वही न उघडताच म्हटलं. "दुसरं नाव घेऊ नका. पण आत्ताच खण-नारळ देऊन ठेवा. एका वेळी एकच बाळंतीण धरतात त्या. चाळीस दिवस पुरे झाल्याशिवाय दुसऱ्या घरी पाऊल टाकत नाहीत."

"त्या करकर वहाणांच्या मावशी ना? मागच्या ओळीतल्या सुधाच्या वेळी यायच्या त्या?"

"त्याच."

हौसामावशींच्या वहाणा सगळ्या कॉलनीला माहीत होत्या. जावयानं कोल्हापूरहून आणून दिलेल्या, पावलागणिक करकरणाऱ्या. बरोबर आठाला त्यांचा आवाज आला की बायका म्हणायच्या, लावा घड्याळ. साठी उलटलेली काटक बाई. पण बाळाला पायांवर पालथं घेतलं की त्या हातांखाली रडतं मूल झोपी जायचं, आणि बाळंतीणही.

कालिंदीवहिनी दुसऱ्याच दिवशी जाऊन नारळ देऊन आल्या. आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी आमच्या वृंदाचा नागपूरहून फोन आला.

तिलाही दिवस गेले होते. आदल्या वर्षी तिचं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, म्हणून या खेपेला पाचवा लागेपर्यंत पोरीनं कुणाला कळू दिलं नव्हतं, आईलासुद्धा. मी फोनवरच रडले. मग डोळे पुसून हिशेब केला, तर हेमाच्या आणि तिच्या तारखेत जेमतेम दोन आठवड्यांचं अंतर.

तशीच उठून हौसामावशींचं घर गाठलं.

"ताई, नारळ घ्येतलाय म्या," त्या म्हणाल्या. "शब्द दिल्याला हाय. तुमच्या लेकीला दुसरी कुणीतरी बघा."

"अहो, पण त्यांना तुमचं नाव मीच सांगितलं!"

"मग तर तुम्हाला जास्तच कळाया पायजे."

मी हसून वेळ मारून नेली, पण मनात कुठंतरी लागलं. सगळ्या गावाला चांगली माणसं वाटली आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी हात रिकामे. पेरणाऱ्यानं पेरलं, खाणाऱ्यानं खाल्लं, असंच वाटलं मला.

जुलैत दोघी माहेरी आल्या. संध्याकाळी दोघी पोटुश्या फाटकाशी उभ्या राहून बोलायच्या. हेमा लहानपणापासून अबोल, ऐकून घेणारी. वृंदाची टकळी चालू असायची. हेमानं बाळासाठी पिवळ्या लोकरीचे मोजे विणले होते आणि एक जोड वृंदालाही दिला होता.

वृंदा तीन आठवडे आधीच बाळंत झाली. मुलगी. दोन किलोचीही नव्हती, हातात घ्यायला भीती वाटायची. मालिशीला मी चंपाबाई म्हणून एक ठरवली होती, नाइलाजानं. ती अकरा वाजता यायची, तोंडात तंबाखू, आणि हाताला घाई. तिसऱ्या दिवशी तिनं बाळावर असं भसाभसा पाणी ओतलं की पोरीच्या नाकातोंडात गेलं. श्वासच अडकला. ओठ निळे पडले. मी तिला उपडी करून पाठ थोपटली, तेव्हा कुठं ती रडली. वृंदा कॉटवर बसून थरथरत होती. "आई, ही पण जाणार का गं?" एवढंच विचारत होती.

मी चंपाबाईला तिथल्या तिथं घालवली. बाळाला फक्त ओल्या फडक्यानं पुसून घ्यायला लागले. वृंदाची कंबर उचलत नव्हती, बारीक ताप होता, दूध पुरत नव्हतं. मला रात्रंदिवस एकच दिसत होतं, हौसामावशींचे ते रुंद पंजे.

आणि त्याच आठवड्यात हेमाचं बाळ गेलं.

मुलगा होता. तीन तास जगला. डॉक्टरांनी सगळं केलं, पण नाही राहिला. मी त्या दिवशी दवाखान्यात जाऊन आले. कालिंदीवहिनी माझ्या गळ्यात पडून रडल्या. हेमा भिंतीकडं तोंड करून निजली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, ती काही हलली नाही. घरी आले, तर आमची चिमुरडी केकाटत होती, आणि मला, देवा, पहिल्यांदा काय वाटलं असेल? बरं झालं, आपली आहे.

चौथ्या दिवशी हेमाला घरी आणलं. त्याच दुपारी मी हौसामावशींकडं गेले. त्या चुलीपुढं बसून ओवा-वेखंडाचं तेल उकळत होत्या.

"उद्या जायाचं नव्हं कालिंदीताईंकडं," त्या म्हणाल्या. "त्याचीच तयारी."

मी चपापले. "उद्या? मावशी, तुम्हाला कळलं नाही का? बाळ..."

"कळलं की. लई वाईट झालं."

"मग आता तिथं काय काम तुमचं?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. "बाळ न्हाई ऱ्हायलं. पर पोर हाय की."

"अहो, तुम्हाला बघितलं की तिला बाळच आठवायचं. जखमेवर मीठ नको चोळायला. दार लावून बसलीत सगळी. कुणी यायला नको म्हणतात."

"मला बी?"

"हो."

"कालिंदीताईंनी तसं सांगितलंय?"

तिथं मला थांबता आलं असतं. 'नाही, मलाच आपलं वाटलं,' इतकं म्हणता आलं असतं. मला पाच मिनिटांपूर्वीपर्यंत खरंच तसं वाटतही होतं, की आपण त्यांच्या भल्याचंच बोलतोय. पण मावशींनी सरळ विचारल्यावर माझं मलाच कळलं की मी कशासाठी आलेय.

"हो," मी म्हटलं. "त्यांनीच सांगितलंय."

मावशींनी तेल खाली उतरवलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. कुणीच विचारत नसे मला.

"आमची वृंदाची पोर दोन किलोची आहे, मावशी. परवा जाता जाता वाचली. उद्यापासून याल?"

"यीन," त्या म्हणाल्या. मग तेलावर झाकण ठेवत, "कुणाची भूक कुणाच्या ताटात. द्येवाचं समदं उलटंच."

निघताना मी आणखी एक शहाणपणा केला. "पुढच्या रस्त्यानं येऊ नका. त्यांच्या दारावरून यावं लागतं. उगाच दिसाल आणि त्यांना लागेल. मागच्या बोळातून या, मी दार उघडं ठेवीन."

केवढी मी समजूतदार, नाही का!

हौसामावशी आल्या आणि चार दिवसांत घराची कळा बदलली. बाळ त्यांच्या पायांवर पालथं पडून सुस्कारे टाकायला लागलं. वृंदाची कंबर सुटली, ताप उतरला, दूध भरभरून यायला लागलं. आठला बोळातून करकर ऐकू आली की वृंदा हसून म्हणायची, "आली माझी आई." मी म्हणायची, "आणि मी कोण गं?" ते दिवस किती सुखाचे गेले, हेच मला आता सांगवत नाही.

कालिंदीवहिनींकडं मी नंतर फिरकले नव्हते. दुःखाच्या घरी गर्दी नको, असं मनाशी घोकायची. दुपट्यांची दोरीसुद्धा पुढून काढून मागं बांधली होती. त्यांच्या घरातून आवाज म्हणून यायचा नाही.

अकराव्या दिवशी दूधवाल्यानं त्यांच्या पिशव्या चुकून आमच्या फाटकाला अडकवल्या. आठ वाजून गेले होते. मावशी नुकत्याच मागच्या दारानं आत आल्या होत्या, पाणी घ्यायला लागल्या होत्या. म्हटलं, चला, दूध तरी देऊन येऊ.

त्यांचं दार लोटलेलं होतं. हाक मारत आत गेले. बंबाच्या धुराचा वास आला. स्वयंपाकघरात कालिंदीवहिनी नव्हत्या, म्हणून मागं डोकावले.

न्हाणीघराचं दार अर्धं उघडं होतं. आत पाटावर हेमा बसली होती. अंगावर जुनं पातळ, केस मोकळे सोडलेले. शेजारी कढत पाण्याची बादली, आणि बादलीवरच्या झाकणावर तेलाची वाटी, गरम राहावी म्हणून ठेवलेली. हात मांडीवर जुळवून ती खिडकीकडं बघत बसली होती. पातळ छातीवर भिजून चिकटलं होतं. तिनं मला बघितलं, आणि पुन्हा मान वळवली.

मागून कालिंदीवहिनींनी माझा दंड धरून मला बाजूला ओढलं.

"रोज बसते हो अशी," त्या कुजबुजल्या. "पहाटे उठून स्वतः बंब पेटवते. वाटी तापवते. मावशी येतील, म्हणते. नऊ वाजेपर्यंत बसते, पाणी निवतं, मग उठते. मी किती सांगितलं, अगं नाही यायच्या त्या आता. मेलेल्या मुलाच्या आईला कोण हात लावणार? अशुभ मानत असतील. त्यांचं तरी काय चुकलं?"

मी हातातल्या दुधाच्या पिशव्या सावरल्या.

"तिची छाती दगडासारखी झालीय, शालनताई. दूध दाटलंय. कोणासाठी आलंय मेलं ते! अंग ठणकतं, रात्रभर कण्हते. मला लावू देत नाही हात. मी लावला की आम्ही दोघी रडत बसतो." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुमच्या वहीत आणखी कुणी असेल ना हो? कोणीही चालेल. फक्त यायला तयार पाहिजे. तुमच्या शब्दावर येईल कुणीतरी."

"बघते," मी म्हटलं. दुधाच्या पिशव्या अजून माझ्याच हातात होत्या. त्या कुठं ठेवल्या, मला आठवत नाही.

घरी आले. न्हाणीघरात हौसामावशी पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर बाळ. एका हातानं मान धरलेली, दुसऱ्या हातानं तांब्यातलं पाणी बोटांवरून अलगद सोडत होत्या.

"मावशी, मी तुमच्याशी खोटं बोलले."

पाणी थांबलं नाही.

"कालिंदीवहिनींनी नको म्हटलं नव्हतं. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. हेमा रोज आठ वाजता तेल तापवून तुमची वाट बघत बसते. अकरा दिवस झाले."

मावशींनी उरलेलं पाणी बाळाच्या पाठीवर सोडलं. पंच्यात गुंडाळलं, टाळूवर तेल घातलं, काजळाचं बोट टेकवलं. एकही काम घाईनं केलं नाही. मग बाळ माझ्या हातात दिलं.

"बाळ ग्येलं म्हून बाळंतीण ऱ्हात न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "कूस तर फाटलीच की तिची. जिच्या मांडीवर पोर हाय, तिचं निम्मं दुखणं पोर खातं. जिची मांडी रिकामी, तिला आधी हात लावायचा असतो, ताई. आधी."

"मावशी, माझी पोर..."

"व्हय. तुमची पोर. म्या तुमचा शब्द खरा मानला. नारळ घ्येऊन, शब्द मोडून, तिच्या दारामागनं रोज ग्येले म्या." त्या भिंतीला धरून उठल्या. "ह्या हातांनी."

वहाणा घालून त्या निघाल्या. मागच्या दारानं नाही, पुढच्या.

संध्याकाळी कालिंदीवहिनी आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडलेल्या. मी उभी राहिले. म्हटलं, आता काय बोलतील ते ऐकायचं. शिव्या दिल्या तरी ऐकायच्या.

त्यांनी मला मिठीच मारली. "तुम्ही होतात म्हणून हो! मावशी म्हणाल्या, 'म्याच भ्याले हुते. शालनताई रागावल्या, म्हणाल्या, असली कसली भीती, आत्ताच्या आत्ता जा.' तुम्ही पाठवलंत त्यांना. हेमा आज तासभर ओक्साबोक्शी रडली आणि मग झोपली, शालनताई. अकरा दिवसांत पहिल्यांदा झोपली."

मी तोंड उघडलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मिटून घेतलं. दुसऱ्यांदा खरं सांगता आलं असतं, आणि मी दुसऱ्यांदाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींना रस्त्यातच गाठलं. "असं का सांगितलंत? माझ्यासाठी खोटं का बोललात?"

"तुमच्यासाठी?" त्या चालायच्या थांबल्यासुद्धा नाहीत. "त्या बाईच्या लेकीचं मूल ग्येलं. वर शेजारीण बी जाया नको, म्हून बोलले."

त्यांनी हेमाचे चाळीस दिवस त्या दिवसापासून मोजले, पहिले अकरा न धरता. आमच्याकडं पुन्हा आल्या नाहीत. वृंदाचं बाळंतपण मी स्वतःच्या हातांनी निभावलं. पोर जगली, वाढली, आता परदेशात नोकरी करते. कालिंदीवहिनी मात्र हौसामावशींचं नाव निघालं की म्हणायच्या, "हात चांगला, पण मनानं भित्री. शालनताईंनी दटावलं म्हणून आली." हळूहळू कॉलनीतून मावशींना बोलावणं जाईनासं झालं. आणि दर दिवाळीला पहिलं ताट माझ्याकडं यायचं. कालिंदीवहिनी जाईपर्यंत, एकवीस दिवाळ्या. त्या ताटातली एक करंजी माझ्या घशाखाली सरळ उतरली असेल तर शपथ. वही मी खिळ्यावरून काढली होती. कुणी विचारलं तर नाव सांगायची, पण 'माझं नाव सांगा' असं पुन्हा कुणाला म्हटलं नाही.

गेल्या चैत्रात हेमा आली. तिला पुढं दोन मुलं झाली, त्यातल्या मुलीला आता सातवा महिना. केस पिकलेत हेमाचे. माझ्यासमोर बसली, पर्समधून डायरी काढली.

"काकू, मालिशवाली सांगा ना कुणीतरी. आई म्हणायची, काही लागलं तर शालनताईंना विचारायचं."

माझे डोळे भरून आले. म्हातारपणी धीर कशाचा धरायचा? हौसामावशी गेल्या, कालिंदीवहिनी गेल्या. सांगायला हीच एक उरली होती.

"हेमा, बस. त्या वेळी मावशी घाबरल्या नव्हत्या गं. मीच..."

"माहीत आहे, काकू."

तिनं डायरी मांडीवर उघडली.

"न्हाणीघराची खिडकी बोळात उघडायची ना? पहिल्या दिवशी आठ वाजता करकर ऐकू आली. म्हटलं, आल्या. वहाणा खिडकीखालून पुढं गेल्या आणि तुमचं दार वाजलं. मला वाटलं, उद्या वळतील. म्हणून दुसऱ्या दिवशी तेल तापवून बसले. मग रोजच." ती डायरीचं पान सारखं करत होती. "आईला वाटायचं, मला भ्रम झालाय. मी सांगितलं नाही तिला. तिला तुमच्याशिवाय होतं कोण? आणि वृंदाचं बाळ एवढंसं होतं. रडायचं ते ऐकू यायचं. वाटायचं, त्याला जास्त गरज असेल."

"मला शिव्या तरी द्यायच्यास गं कधी."

"द्यायच्या होत्या. पुष्कळ वर्षं." तिनं पेनाचं टोपण काढलं. "नाव सांगा, काकू."

"हौसामावशींची सून आहे. पार्वती. सासूच्या हाताखाली शिकलीय."

हेमानं नाव लिहिलं. खाली रेघ ओढली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "आणि काही झालं, नाही राहिलं बाळ, तरी येईल ना ही?"

"येईल," मी म्हटलं. "पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. तू स्वतः जा, आणि तिलाच विचार."